पाण्याची पाळी आणि कुंडीचा तळ

जालन्याच्या मस्तगडात राहणाऱ्या माणसाला पाणी साठवण्याबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. इथल्या कुठल्याही घरात शिरा, आधी दिसतो तो निळा ड्रम, त्यावर पालथी परात, शेजारी हंडे-घागरी, न्हाणीत टाकं आणि गच्चीवर काळी टाकी. नळ आले की गल्लीभर मोटारींची घरघर सुरू होते आणि घरात पोकळ म्हणून जे काही असेल ते भरून निघतं. मग आठ दिवस, कधी दहा, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त, त्याच पाण्यावर काढायचे. हे इतकं अंगवळणी पडलंय की आता त्याची तक्रारही कुणी फारशी करत नाही. घरी कार्य काढायचं असलं तर मुहूर्ताबरोबर नळाची पाळीही गुपचूप पाहिली जाते, एवढंच.

अशा घरात झाड म्हणून टिकते ती तुळस, कारण तिला रोज तांब्याभर पाणी घालणं हा आचार आहे. वैशाखात काही घरांत तिच्यावर गळतीही लावतात. बाकीच्या कुंड्या पावसाळ्यात हौसेनं येतात आणि एप्रिल-मेमध्ये वाळून माळ्यावर जातात. त्या पाण्यावाचून मेल्या असं आपण म्हणतो, पण तेवढं म्हणून भागत नाही. नळ आले त्या दिवशी त्याच कुंड्यांतून पाणी वाहून जिन्यावर आलेलं असतं. असतं तेव्हा बदाबदा आणि नसतं तेव्हा थेंब नाही, हा हिशेब माणसानं ड्रम घेऊन सोडवला. झाडाला कुणी ड्रम दिला नाही.

ज्या पुस्तकाबद्दल मी लिहितोय त्याच्या लेखिकेनं तो दिला आहे. बाई इथल्याच, मस्तगडातल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. तळाशी पाण्याचा साठा असलेल्या कुंड्यांत, घराच्या आत, खिडकीशी आणि व्हरांड्यात भाजी कशी वाढवावी हा त्यांचा विषय. अशा कुंडीला बाजारात ‘सेल्फ वॉटरिंग’ म्हणतात आणि ती आळशी किंवा फिरतीवर असणाऱ्या लोकांची सोय म्हणून विकली जाते: पंधरा दिवस गावाला जा, झाड आपलं आपण पाणी पिईल. जालन्यात तिचं काम निराळं आहे. इथं माणूस घरीच असतो, गावाला जातं ते पाणी. नळाची पाळी आठवड्याची आणि झाडाची तहान रोजची, या दोहोंना जोडणारा साठा म्हणून बाई या कुंडीकडे पाहतात. पुस्तकाचं खरं मोल मला या पाहण्यात वाटतं.

मस्तगड हे ठिकाणही त्याला साजेसं आहे. शहराच्या पूर्वेचा किल्ला आणि ही गढी काबील खानानं आसफजाहच्या हुकुमावरून 1725 साली बांधली. चौकोनी आकार, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, गढीवर फारसी लेख. पण किल्ल्यापेक्षा मला गढीतल्या विहिरीचं अप्रूप जास्त. दालनं आणि सज्जे कोरत खाली नेलेली ही विहीर पाहून गॅझेटिअर लिहिणाऱ्यांनाही नवल वाटलं आणि त्यांनी तिची मुद्दाम नोंद केली. पुढे याच गढीत नगरपालिकेचं कार्यालय आलं आणि घाणेवाडीचं गाळलेलं पाणी साठवायला उंच टाकीही इथेच उभी राहिली. म्हणजे खाली निजामाच्या अमलदाराची विहीर आणि वर नगरपालिकेची टाकी. एकाच जागेवर पाण्याच्या साठ्याची दोन युगं.

गढीच्याही शंभर वर्षं आधी, मलिक अंबरच्या काळात, इथल्या जमशेद खानानं शहराच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातल्या हौदांत आणलं. तो मोती तलाव अजून आहे. एके काळी शहराला असे पाच तलाव होते म्हणतात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या भरभराटीच्या दिवसांची. निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. तो गाळानं भरत गेला तेव्हा जालनेकरांनी वर्गणी काढून तो उपसला आणि शेतकऱ्यांनी तो गाळ शेतात नेऊन टाकला. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं झाडांवर कुऱ्हाड घातली. त्यानंतर भरवसा राहिला तो पैठणहून येणाऱ्या जायकवाडीच्या पाण्यावर. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, नळाची पाळी राहिलीच.

जिल्ह्यात याहून उजळ उदाहरणही आहे आणि बाईंनी ते वगळायला नको होतं. जालन्याजवळचं कडवंची. 1996 ते 2002 या काळात तिथं पाणलोटाची कामं झाली, मग शेततळी आली आणि साधारण सातशे मिलिमीटर पावसाच्या, कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवायचं आणि झाडाच्या मुळाशी गरजेपुरतं सोडायचं, एवढ्यावर ते गाव बदललं. कुंडीतल्या मेथीचं शास्त्र याहून वेगळं नाही.

आता कुंडीकडे येतो. मिरवायला काही नाही, रंगाची वीस लिटरची रिकामी बादली. आत, तळापासून चार-पाच बोटं उंचीवर, भोकं पाडलेली एक चकती बसवायची. चकतीखाली आधाराला पाइपाचे तुकडे. चकतीच्या वर माती, खाली पाणी. चकतीच्या मधोमध एक मोठं भोक आणि त्यातून खाली तळाला टेकलेला एक सच्छिद्र डबा, त्यात तीच माती दाबून भरलेली. बाई त्याला ‘मातीचा पाय’ म्हणतात. हा पाय पाण्यात उभा असतो आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं त्यातून पाणी वर चढतं. एका कडेनं प्लास्टिकचा उभा पाइप तळापर्यंत जातो, तो पाणी भरण्यासाठी. आणि चकतीच्या किंचित खाली, बादलीच्या बाहेरच्या अंगाला, तापलेल्या खिळ्यानं पाडलेलं बोटभर भोक.

या भोकाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथंच फसतात. पाणी जास्त झालं तर ते इथून बाहेर पडतं हे तर दिसतंच. पण त्याहून मोठं काम न दिसणारं आहे: पाण्याची पातळी आणि चकती यांच्यामध्ये हवेचा एक थर राखणं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भोक वर पाडलं किंवा बुजलं की पाणी मातीपर्यंत चढतं, माती गच्च होते, मुळं गुदमरतात आणि झाड कोमेजतं. कोमेजलेलं झाड पाहिलं की घरातलं कुणीतरी मायेनं आणखी पाणी घालतं. या कुंड्यांत झाडं तहानेनं मरण्यापेक्षा अशी जास्त मरतात.

मातीच्या पायाऐवजी दोरीची वातही चालते. सुती दोरी पाणी छान शोषते, पण काही महिन्यांत कुजते, पॉलिएस्टरची टिकते. बाईंचा कौल पायाला, माझाही. मात्र भरायची ती माती कोणती, यावर मराठवाड्याच्या माणसाला थोडा अभिमान गिळावा लागतो. आपली काळी कसदार माती कुंडीत नालायक ठरते. ओली झाली की फुगून गच्च बसते, वाळली की भेगाळते, आणि बादलीच्या कडेपासून सुटली की पाण्याचा वर चढणारा धागाच तुटतो. इथं लागतं हलकं, भुसभुशीत, तरीही ओल धरणारं मिश्रण. बाईंनी दिलेलं प्रमाण साधं आहे: दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग चाळलेला बारीक मुरूम. मुरूम जालन्यात विकत घ्यावा लागत नाही, हे त्यांनी कंसात लिहिलंय. आणि रोप लावल्यावर पहिले दोन आठवडे पाणी वरूनच घालायचं. मुळं खाली पोचेपर्यंत तळाचा साठा त्यांच्यासाठी नसल्यातच जमा.

ही कल्पना परदेशी म्हणून कुणी नाक मुरडू नये, आणि आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं म्हणून छातीही फुगवू नये. मातीचं मडकं जमिनीत पुरून, भोवती वेलाच्या चार बिया लावून ते पाण्यानं भरत राहण्याची रीत चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात सांगितलेली आहे. आपल्याकडेही फळझाडाशी मडकं पुरतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या एका टोमॅटो उत्पादक शेतकऱ्यानं तळाशी पाण्याचा साठा असलेली पेटी बाजारात आणली, तेव्हापासून ती जगभर पसरली. आपल्याकडे शहरातल्या शेतीचा विचार ज्यांनी गणिती शिस्तीनं मांडला ते कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार. ‘विपुलाच सृष्टी’ वाचलेल्या माणसाला चौरस फुटावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब नवा नाही. दाभोळकरांचा भर उन्हाच्या वापरावर होता. बाई घराच्या आत शिरतात आणि तिथं अडचण सुरू होते.

घरात पाणी वाचतं, पण ऊन हरवतं. मे महिन्यात गच्चीवर बेचाळीस अंशांत आणि वाऱ्यात टोमॅटोचं भरलेलं झाड दिवसाला दोनेक लिटर पाणी सहज ओढतं. बादलीच्या तळाचा पाच लिटरचा साठा तीन दिवसही पुरत नाही. तीच बादली घरात, दक्षिणेच्या खिडकीशी, कोथिंबीर किंवा पुदिना लावून ठेवली तर नळाच्या एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत निभते. पण कमी पाणी लागण्याचं एक कारण कमी उजेड हेही आहे. माणसाच्या डोळ्याला खोली लख्ख दिसते, कारण डोळा सावरून घेतो. झाडाला काचेपासून हातभर आत सरकवलं तरी तो अंधारच. म्हणून घरात पालेभाज्या येतात, फळभाज्या रुसतात. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, ओवा, कांद्याची पात, हे जमतं. वांगी-टोमॅटोचा हट्ट धरायचा असेल तर दिवे लावावे लागतात.

दिव्यांवरचं प्रकरण वाचताना एक गोष्ट उघड बोलून टाकतो, कारण बाईंनी ती सभ्यपणे टाळली आहे. बंद खोलीत, दिव्याखाली, तळाच्या साठ्यावर झाड कसं वाढवावं याचा शोध जगात ज्यांनी हिरिरीनं घेतला त्यांत गांजा लावणारे पुढे होते. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात, जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन. तिथले हौशी लोक दिव्याचे तास, पाण्याचे क्षार, पाण्याची आम्लता, सगळं मोजून लिहून ठेवतात. आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. इंग्रज सरकारनं 1893 साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्यानं सरसकट बंदीऐवजी परवाना आणि कर यांची बाजू घेतली. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानं ते चित्र पालटलं. आज परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं, मग ते तुरीच्या ओळीत असो की खिडकीतल्या कुंडीत, गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भांग चालते मग हे का नाही, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कायद्यानं गांजाच्या व्याख्येतून नुसतं पान वगळलं आहे, झाड लावायची मुभा दिलेली नाही.

त्या मंडळींकडून आपण मोजण्याची शिस्त घ्यावी आणि खर्चाचं गणित तिथंच ठेवून यावं. महागड्या पिकाला दिवे परवडतात. दहा-पंधरा रुपयांच्या मेथीच्या जुडीसाठी रोज बारा-चौदा तास दिवा जाळला तर ती मेथी वीजबिलातून खावी लागेल. शिवाय लोडशेडिंग आहेच. बाईंनी दिव्यांना पूर्ण प्रकरण दिलंय. मी असतो तर पानभरात आटोपलं असतं आणि उरलेली पानं डासांना दिली असती.

कारण या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप डासांचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात, तेही घरात आणि घराभोवती अंडी घालतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खात्याच्या सेविका दारोदार सांगतात की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासून वाळवा. आणि इथं आपण अशी कुंडी बनवतोय जिचा तळ कधी कोरडा पडूच द्यायचा नाही! नळाची पाळी आणि डासाची पिढी यांचा काळ जवळपास एकच, हा जालन्याचा दुर्दैवी योग आहे. उपाय आहे, पण त्यात हयगय चालत नाही: भरायच्या पाइपाच्या तोंडावर घट्ट झाकण आणि बाहेरच्या भोकावर बारीक नायलॉन जाळी, आतून चिकटवलेली. एक जाळी निसटली तर शेजाऱ्याच्या घरातही ताप जाईल. बाईंनी हे सांगितलंय, पण ‘निगा’ या प्रकरणाच्या मध्यावर, मावा आणि तुडतुड्यांच्या पंक्तीत. माझ्या मते हे बादलीला पहिलं भोक पाडायच्या आधी वाचायला हवं.

दुसरी गोष्ट क्षारांची. नळाचं पाणी पुरलं नाही की आपण बोअरचं वापरतो आणि इथल्या काळ्या खडकातलं पाणी बहुधा जड असतं. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो तो याचाच. वरून पाणी घातलेल्या कुंडीतून क्षार थोडेफार धुऊन खाली निघून जातात. या कुंडीत पाणी फक्त वर चढतं, पानांतून आणि मातीच्या पृष्ठभागावरून उडून जातं आणि क्षार मातीच्या माथ्यावर साचत राहतात. तीन-चार महिन्यांत मातीवर पांढरट साय दिसते, पानांच्या कडा करपतात. लोक त्याला रोग समजून फवारण्या करतात. करायचं ते इतकंच: महिन्यातून एकदा, नळ आलेल्या दिवशी, वरून सावकाश भरपूर पाणी सोडायचं, ते बाहेरच्या भोकातून वाहू द्यायचं आणि ते पाणी न्हाणीत धुण्याला वापरायचं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरता आलं तर सोन्याहून पिवळं.

बियाण्याबद्दल पुस्तकात फार नाही आणि नसलं तरी चालतं, कारण हे गावच बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको सुरू केली. त्यांच्या बियाणे-कामाची सुरुवात पुसा सावनी भेंडीपासून झाली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशभरच्या शेतांत जालन्याचं बियाणं उगवतं. मस्तगडातल्या खिडक्यांत ते उगवत नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडी लाजही. एक सूचना मात्र करतो: संकरित बियाण्याचं महाग पाकीट घरातल्या बादलीसाठी घेऊ नका. स्वयंपाकघरातले धणे तळहाताखाली रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. मेथीचे दाणे तर भिजवायचीही फारशी गरज नाही.

लेखिकेशी माझा शेवटचा मतभेद मुहूर्ताचा. त्यांनी उन्हाळ्यातल्या टंचाईला उत्तर म्हणून हे तंत्र मांडलं, त्यामुळे वाचक मार्च-एप्रिलमध्ये बादली घेऊन बसेल. तसं करू नये. त्या दिवसांत नवशिक्याची कोथिंबीर उगवण्याआधीच रुसते, आणि ती गेली की माणूस बादलीत पुन्हा धुणं भिजवू लागतो. दिवाळी झाली की सुरुवात करावी. हवा गार असते, मेथी-कोथिंबिरीचा हंगाम असतो, सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानं दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं आणि पाच लिटरच्या साठ्यावर नळाची पाळी एखाद-दोन दिवस चुकली तरी झाड तग धरतं. संक्रांतीपर्यंत दोनदा मेथी खुडून झाली की हाताला अंदाज येतो: पाइपात काडी घालून पाणी किती उरलं ते कसं पाहायचं, भोकातून पाणी यायला लागलं की हात कुठं आवरायचा. मग उन्हाळ्यासाठी एकाच बादलीत पुदिना लावावा. तो चिवट आहे, कमी उजेडात चालतो, आणि मे महिन्यात ताकात टाकायला त्याचीच गरज पडते.